कन्नडच्या डोंगरात अक्कांबरोबर

मैत्रिणींनो, वेरूळची लेणी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असतील. कैलास लेणे पाहायचे, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परतीची गाडी धरायची, असा आपला ठरलेला बेत असतो. पण वेरूळहून रस्ता तसाच पुढे जातो. दोन्ही बाजूंना कापूस, मका आणि आल्याची शेते लागतात, समोर सातमाळ्याचे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि मग येते आमचे कन्नड. छत्रपती संभाजीनगरहून साधारण ६०-६५ किलोमीटर. लग्न ठरले तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने मला विचारले होते, "म्हणजे आता तू कानडी शिकणार का गं?" तसले काही नाही बरं का! गाव अस्सल मराठवाड्याचे, तालुक्याचे. मात्र गावाबाहेर चार पावले टाकली की डोंगर, जंगल आणि पुढे घाट उतरला की खानदेश.

या गावाविषयी लिहायचे कित्येक दिवस मनात होते. सकाळची शाळा, दुपारचे घरकाम, मुलांचे अभ्यास यांत राहून जात होते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या थोरल्या नणंदबाई इथे तीन आठवडे राहून गेल्या आणि हे गाव मी त्यांच्याबरोबर नव्याने पाहिले. म्हणून हा लेख कन्नडचा आहे आणि अक्कांचाही. त्यांनीच "लिही, पण माझं नाव घालू नकोस" असे सांगितले आहे.

अक्कांनी सात महिन्यांपूर्वी पुण्याला वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. एकशेबारा किलो वजन, मधुमेह, गुडघे कामातून गेलेले. सगळे उपाय करून झाले होते. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली, वजन चौऱ्याऐंशीवर आले, साखरेची गोळी बंद झाली. नातेवाइकांत कौतुकच कौतुक! आणि अक्का मात्र रात्री दोन-दोन वाजता उठून बसत. जेवायचे ताट समोर आले की त्यांचे हात गार पडत. दिवसातून पाच वेळा काट्यावर उभ्या राहत. दिवाळीत घरी आलेल्या बायकांनी "किती उतरलात हो, काही आजार नाही ना?" असे विचारले, तेव्हापासून त्या बाहेर पडेनाशा झाल्या. भाऊजी म्हणाले, "चार दिवस कन्नडला जा, हवापालट होईल."

या शस्त्रक्रियेविषयी दोन शब्द आधी सांगते, कारण आपल्याकडे त्याबद्दल कुजबुजच फार. जठराला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जनने सुरू केली. अक्कांची झाली ती पुढच्या काळातली, स्लीव्ह नावाची. हिच्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते ते केळ्याएवढे, नळीसारखे जठर. भूक चाळवणारा घ्रेलिन नावाचा स्राव मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होतो, म्हणून भूकही कमी होते. आपल्या महाराष्ट्रात २०११ साली नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलले. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईला आणले, तेव्हाच्या बातम्या तुम्हालाही आठवत असतील. आपल्या लक्षात राहिले ते किलोचे आकडे. तेवढी उलथापालथ झालेल्या शरीरात राहणाऱ्या बाईच्या मनाचे काय, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. अक्कांनाही दवाखान्यात आहाराचा छापील तक्ता मिळाला, टाक्यांची चौकशी झाली, पण "झोप लागते का? भीती वाटते का?" असे कुणी विचारले नाही.

घरात आम्ही सगळे अक्कांना एकच सांगत होतो, "काही होत नाही हो!" या चार शब्दांनी कुणाची भीती गेली आहे असे मला तरी आठवत नाही. आणि हे मला नीट कळले ते आमच्या घाटात.

औट्रम घाट

कन्नडहून चाळीसगावला उतरणारा हा घाट. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्याला पडले. १८२५ च्या सुमारास हा खानदेशात आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. घाटमाथ्यावर उभे राहिले की पायाखाली खानदेशचा मुलूख पसरलेला दिसतो. पावसाळ्यात ढग खाली आणि आपण वर. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, गवत पिवळे पडू लागलेले असते, आणि दूरवरची गावे ठिपक्यांसारखी दिसतात.

अक्कांना तिथे न्यायचे ठरले आणि त्या आदल्या रात्रीपासून अस्वस्थ. "दरड कोसळते म्हणे तिथे." मुले म्हणाली, "काही होत नाही आत्या!" आमचे हे शांतपणे म्हणाले, "कोसळली होती. ३१ ऑगस्ट २०२१ ला, अतिवृष्टीत. रस्ता बंद पडला होता. आता पाऊस नाही. २०२३ साली हायकोर्टाच्या खंडपीठाने अवजड गाड्यांना या घाटात बंदीही घातली. आपण घाट उतरणार नाही, माथ्यावरूनच परत फिरू. तुला वाटलं तर गाडीतून उतरूही नकोस." अक्का मुकाट्याने चपला घालून निघाल्या.

परत येताना त्या मला म्हणाल्या, "दादाने खरं सांगितलं म्हणून आले गं. 'काही होत नाही' म्हटलं की मला वाटतं, याला माझं ऐकायचंच नाही."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून आम्ही घरात एक नियम केला. "काही होत नाही" हे शब्द बंद. त्याऐवजी विचारायचे, "काय होतंय, सांगा." आणि मिळालेले उत्तर वहीत लिहायचे. शाळेतली एक कोरी वही मी त्यांना दिली. वेळ, काय खाल्ले, काय वाटले, एवढे तीनच रकाने.

गौताळ्याचे सीताफळ

गौताळा-औट्रमघाट हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे जंगल संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. गौतम ऋषींचा आश्रम इथे होता, त्यावरून गौताळा, असे इथले लोक सांगतात. सीतेची न्हाणीही दाखवतात. साग, पळस, सालई अशी झाडे, मोर भरपूर, नीलगाय आणि बिबट्याही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि आत जायचे. गडबड, गोंगाट नाही. तलावाच्या काठाशी अर्धा तास बसले तरी शीण जातो.

अक्का तिथे चांगल्या रमल्या होत्या. परतताना रस्त्याच्या कडेला एक मावशी टोपलीत सीताफळे घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडची सीताफळे म्हणजे साखरच. अक्कांनी हौसेने एक फोडले आणि सगळे संपवले. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील नसतील, त्यांच्या कपाळावर घाम, छातीत धडधड, हातपाय कापताहेत. "मला काहीतरी होतंय, माझं हृदय बंद पडतंय!" आम्ही गाडी झाडाखाली थांबवली, त्यांना टेकून बसवले, पदर सैल केला. अर्ध्या तासात त्या सावरल्या.

घरी येऊन वही उघडली. अशीच धडधड आधी दोनदा झालेली होती, एकदा बासुंदीनंतर आणि एकदा उसाच्या रसानंतर! त्यांच्या आहारतज्ज्ञबाईंना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की, लहान झालेल्या जठरातून गोड पदार्थ फार वेगाने आतड्यात उतरला की असे होते. याला डम्पिंग म्हणतात. काहींना खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात होते, काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली गेल्यामुळे होते. वळसा घालण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे जास्त, पण स्लीव्हनंतरही होऊ शकते. पुढच्या खेपेला डॉक्टरांना वही दाखवा आणि छातीत खरोखर दुखले, घेरी आली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा, असेही त्यांनी बजावले.

अक्का किती तरी वेळ वहीकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मला वेड नाही लागलं!" एवढेच म्हणाल्या. सहा महिने त्या मनातल्या मनात ही भीती घेऊन वावरत होत्या, ते आम्हाला त्या दिवशी कळले.

भीतीची अशी शारीरिक कारणे आणखीही असतात. शस्त्रक्रियेनंतर ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्याने थकवा येतो, मन खचते, चिडचिड होते. म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रक्ततपासणी टाळायची नाही. सारख्या उलट्या होत असतील तर ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने उतरते. चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे, बोलण्यात घोटाळा होणे, असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेव्हा बायका हवालदिल होतात. पण पोटात प्रथिने आणि लोह नीट जात असेल तर बहुतेकींचे पुन्हा येतात. आणि ज्या आधीपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या घेत असतील त्यांनी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पोट बदलल्यावर औषध अंगी लागण्याचे प्रमाणही बदलू शकते, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

पितळखोऱ्याच्या पायऱ्या

तिसऱ्या आठवड्यात अक्काच म्हणाल्या, "पितळखोरा राहिलं की!" वेरूळ-अजिंठ्याच्या मानाने हे ठिकाण कमी लोक जाणतात. पण ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाइतकी जुनी, वेरूळच्या कितीतरी आधीची. आणि इथली एक गंमत म्हणजे इथे डोंगर चढून जायचे नसते. आपण पठारावर असतो, आणि पायऱ्या उतरून दरीत जायचे असते. खाली धबधब्याशेजारी लोखंडी पूल लागतो, तो ओलांडला की लेणी. म्हणजे उत्साहात असताना उतरायचे, आणि दमल्यावर चढायचे!

अक्का पहिल्या पायरीवर थबकल्या. "खाली जाईन गं, वर कशी येणार?" माझ्या तोंडावर आले होते, पण मी ते चार शब्द गिळले. विचारले, "काय होईल असं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "धाप लागेल. लोक बघतील. गुडघा अडकेल." आम्ही तिन्हींचे उत्तर तिथेच ठरवले. दर दहा पायऱ्यांना थांबायचे. लोक फारसे नव्हतेच. गुडघ्यासाठी काठी होती. आणि वाटेल तिथून परत फिरायचे, त्यात कमीपणा नाही.

खाली दगडात कोरलेली हत्तींची रांग आहे, दाराशी भालदार उभे आहेत, चैत्यगृहातल्या खांबांवर जुन्या रंगांतली चित्रे अजून ओळखू येतात. पुष्कळ पडझड झाली आहे. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी इथला गाळ उपसून काढलेल्या मूर्तींचा वृत्तान्त १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यांतली एक मूर्ती यक्षाची. ती इथे नाही, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी तिचे चित्र मुद्दाम बरोबर नेले होते. ठेंगणा, चांगला ढेरपोट्या, डोक्यावर भांडे धरलेला आणि तोंडभर हसणारा! त्याच्या हातावर लेख आहे, त्यात कान्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला असे लिहिले आहे.

अक्कांनी चित्र हातात घेतले आणि त्या खळखळून हसल्या. "दोन हजार वर्षं झाली, याला कुणी किती किलो म्हणून विचारलं नाही!" मग जरा वेळाने म्हणाल्या, "मी बारीक झाले ना, तेव्हा लोक छान म्हणायला लागले. मग आधीची मी कोण होते गं? तिलाच सगळे हसत होते का?"

मला उत्तर सुचले नाही. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मैत्रिणींनो, या भीतीचा हा भाग कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही. वर्षानुवर्षे दुःख झाले की दोन घास जास्त खाऊन मन शांत केलेले असते. तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो, आणि त्याच्या जागी काय ठेवायचे ते कुणी सांगत नाही. त्यातून साधारण वर्ष-दीड वर्षाने वजन उतरायचे थांबते, थोडे वाढतेही, आणि मग वाटते की सगळे वाया गेले.

हे सगळे हलक्यावर घेण्यासारखे नाही, म्हणून एक आकडा सांगते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात शस्त्रक्रिया झालेल्या ८,८१५ जणांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने दवाखान्यात आणण्याचे प्रसंग आधीच्या तीन वर्षांच्या मानाने नंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झाले होते, आणि तेही बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. असे करणारे एकूण लोक थोडे, शंभराच्या थोडे वर. त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण पहिल्या वर्षाचे कौतुक ओसरल्यावर घरातल्यांनी विचारपूस थांबवायची नाही, एवढे त्यातून नक्की शिकावे. पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर मनानेही हलके वाटते, तेही तितकेच खरे.

वर यायला आम्हाला जातानाच्या दुप्पट वेळ लागला. अक्का दहा दहा पायऱ्या मोजत आल्या. वर पोचल्यावर घाम पुसला, पाणी प्यायल्या आणि वहीत लिहिले, "धडधड झाली. चढल्यामुळे."

अक्कांच्या पिशवीतून

अशी शस्त्रक्रिया झालेली बाई तुमच्या घरात असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर प्रवासाला निघताना आमच्या अनुभवाच्या या गोष्टी उपयोगी पडतील. अर्थात डॉक्टरांनी बाहेरच्या खाण्याची आणि प्रवासाची परवानगी दिलेली असली पाहिजे.

घरचा लहान डबा बरोबर असावा. अक्कांच्या डब्यात मऊ मुगाची उसळ, पनीर किंवा उकडलेले अंडे असे. आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. चमचा लहान घ्यावा, घास खूप चावावा, पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. सरबत, उसाचा रस, बाटलीतली गोड पेये टाळावीत. गुडघे दुखले तरी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून परस्पर घेऊ नये, जठराला इजा होऊ शकते.

यजमानीणबाईंनाही सांगणे आहे. "एवढंसंच? माझ्या हातचं आवडलं नाही का?" असा आग्रह करू नका. लहान वाटीत वाढा आणि दुसऱ्या विषयावर बोला. आमच्या सासूबाईंना हे जड गेले. ताट भरून वाढणे म्हणजे माया, हे त्यांचे आयुष्यभराचे शिक्षण. शेवटी त्या अक्कांच्या बाळपणीची चांदीची वाटी शोधून काढून तिच्यात वरण वाढू लागल्या, आणि दोघींचेही समाधान झाले!

वजनकाटा आठवड्यातून एकदाच. आम्ही तो कपाटावर ठेवला होता. काट्याऐवजी दुसरी मापे लावावीत. किती पायऱ्या चढले, किती तास सलग झोपले, मधुमेहाची साखर किती. भीतीची लाट आली की पाय जमिनीवर टेकवून बसावे, श्वास सावकाश सोडावा, घ्यायला लागेल त्याहून सोडायला जास्त वेळ द्यावा. लाट येते तशी जातेही.

आणि एवढ्याने भागत नसेल, झोप उडाली असेल, जेवणाचीच भीती बसली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात लाज कसली? संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, ज्याला आपण घाटी म्हणतो, तिथे मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते. अक्का आता पुण्याला एका समुपदेशक बाईंकडे पंधरवड्यातून एकदा जातात. वही बरोबर नेतात. भीती अजून आहे, पण आता रात्री दोन वाजता त्या एकट्या जाग्या नसतात, भाऊजींना उठवून सांगतात. आणि भाऊजीही आता विचारतात, "काय होतंय, सांग."

कन्नडला यायचे असेल तर पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंतचे दिवस उत्तम. रेल्वे नाही. चाळीसगावला किंवा संभाजीनगरला उतरून एस.टी. किंवा गाडीने यावे. पितळखोऱ्याला सकाळी लवकर जावे, पाण्याची बाटली आणि काठी बरोबर घ्यावी, खाण्याचे काही तिथे मिळेल या भरवशावर राहू नये. एक दिवस जास्त असेल तर घाट उतरून पाटणादेवीला जाता येते. तिथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आहे. सीताफळे मात्र जपून खा, गोडी फार आहे!